सोंगाचें इमान

बहुरूपी दारांत येऊन पोलिसाचा आव आणतो, खिशांतून एक मळका कागद काढतो, आणि घरच्या यजमानांवर वॉरंट असल्याचें करड्या आवाजांत सांगतो. लहान मूल घाबरतें, मोठीं माणसें हसतात, आणि शेवटीं त्याच्या हातावर कांहीं पैसे ठेवतात. ह्या व्यवहारांत कोणीं कोणास फसविलें असें म्हणतां येणार नाहीं. पोलीस खोटा आहे हें दोन्ही पक्षांस ठाऊक असतें; किंबहुना खोटा असून तो खऱ्यासारखा वागला ह्याबद्दलच त्यास पैसे मिळतात. पण हाच बहुरूपी डोक्यावर शिपायाची टोपी आणि अंगास गोसाव्याची राख अशा थाटांत आला, आणि विचारल्यावर “मी कसलेंच सोंग आणलेलें नाहीं” असें म्हणूं लागला, तर आपण चिडूं. खोटेपणाचा राग आपणांस पहिल्या वेळीं आला नव्हता. तो दुसऱ्या वेळीं आला. हा राग नेमका कशाचा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याचा विचार करण्यासाठीं आम्हीं जें उदाहरण निवडलें आहे तें मात्र कित्येक वाचकांस क्षुल्लक वाटेल. तें आहे अमेरिकेंतील एका करमणुकीच्या नगरांतील हॉटेलांचें. त्यांच्या खोल्यांची जुनी सजावट आणि नवी सजावट ह्यांचें.

ह्या नगराचें नांव वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. तें फ्लॉरिडा राज्यांत ऑर्लँडो शहराजवळ आहे. ज्याच्या नांवानें तें वसलें तो वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्यें वारला, आणि नगर उघडलें तें १ ऑक्टोबर १९७१ रोजीं. आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांस तें आतां अपरिचित राहिलेलें नाहीं. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत नोकरीस असलेले आईबाप नातवंडांच्या सुटींत तेथें जातात, दोन रात्री राहतात, आणि परत आल्यावर “सगळें खोटेंच हो, पण काय ती स्वच्छता!” असा अभिप्राय देतात. ह्या अभिप्रायाचे दोन्ही भाग बरोबर आहेत. त्यांच्या मधला जो “पण”, त्याविषयीं मात्र थोडें बोलण्यासारखें आहे.

तेथील हॉटेलें म्हणजे नुसतीं उतरण्याचीं ठिकाणें नव्हेत. प्रत्येकानें एकेक सोंग घेतलेलें आहे. एकानें आफ्रिकेंतील गवताळ रानाचें, एकानें अमेरिकेच्या वायव्येकडील अरण्यांतल्या लाकडी वाड्याचें, एकानें जुन्या काळच्या श्रीमंतांच्या समुद्रकांठच्या प्रासादाचें. दर कांहीं वर्षांनीं ह्या हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या करून नव्यानें सजवितात, आणि दर वेळीं जुन्या पाहुण्यांमध्यें तोच वाद पेटतो: जुनी खोली बरी होती कीं नवी बरी? दोन्ही खोल्यांचीं छायाचित्रें शेजारीं-शेजारीं ठेवून वयस्क, विचारी, संसारी माणसें ह्या वादांत तासन् तास घालवितात. कोणी नव्या पलंगाची स्तुति करतो, कोणी जुन्या पडद्यांसाठीं हळहळतो. त्रयस्थास ह्याचें हसूं यावें हें साहजिक आहे. बांबूच्या नकली काठीसाठीं एवढा शोक कशाला? ह्या शोकाची थट्टा करणें सोपें आहे. त्याचा अर्थ लावणें तितकेंसें सोपें नाहीं.

नगराबरोबरच, १९७१ सालीं, जीं दोन हॉटेलें उघडलीं त्यांपैकीं एकाचें नांव पॉलिनेशियन व्हिलेज. हवाई, ताहिती, सामोआ इत्यादि प्रशांत महासागरांतील बेटांचें हें सोंग. परंतु तें थेट त्या बेटांवरून आलेलें नाहीं. त्याची वाट बरीच आडवळणाची आहे. १९३३ च्या सुमारास हॉलीवुडमध्यें ‘डॉन द बीचकोंबर’ नांवाचें एक मद्यगृह निघालें. तेथें बांबू, वेताच्या खुर्च्या आणि रमचीं पेयें ह्यांच्या साह्यानें दक्षिण समुद्रांतल्या बेटाचा भास उत्पन्न करीत. पुढें दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैनिक मोठ्या संख्येनें खऱ्या बेटांवर जाऊन आले. १९५९ मध्यें हवाई हें अमेरिकेचें पन्नासावें राज्य झालें. आणि साध्यासुध्या गृहस्थांच्या अंगणांतही मशाली आणि लाकडी देवमूर्ति दिसूं लागल्या. १९६३ सालीं डिस्नेच्या कॅलिफोर्नियांतील उद्यानांत यांत्रिक पक्ष्यांची ‘टिकी रूम’ निघाली. तात्पर्य, १९७१ च्या हॉटेलानें जें सोंग घेतलें तें पॉलिनेशियाचें नव्हेच. अमेरिकेनें आधींच घेतलेल्या पॉलिनेशियाच्या सोंगाचें तें सोंग होतें.

असें असूनही त्या सोंगांत कसूर नव्हती. मधल्या मोठ्या इमारतीच्या दिवाणखान्यांत झाडींनी वेढलेला धबधबा होता. आंत पाऊल टाकतांच पाण्याचा आवाज कानीं पडे. राहण्याच्या लांबट घरांस बेटांचीं नांवें दिलेलीं होतीं. खोल्यांची सजावट मधूनमधून बदलली, पण तिचा सूर बदलला नाहीं: वेत, गडद कोरीव लाकूड, मोठाल्या पानाफुलांचीं कापडें. अंगावरची चादर, दिव्याचा खांब, आरशाची चौकट, सर्वांनीं मिळून एकच गोष्ट सांगायची. ती गोष्ट खोटी होती हें खरें, पण सांगणारे एकमेकांस तोडून बोलत नव्हते. ह्याच हॉटेलांत डिसेंबर १९७४ मध्यें जॉन लेनन उतरला असतां त्यानें ‘बीटल्स’ ह्या जगप्रसिद्ध गायकमंडळाची भागीदारी कायद्यानें संपविणाऱ्या कागदांवर सही केली. नकली बेटावर खरी गोष्ट घडण्यास अडचण पडत नाहीं, एवढ्यासाठींच हा प्रसंग आम्ही येथें नमूद करतों. माणसें कोणत्याही खोलींत खरींच असतात.

हा धबधबा २०१४ मध्यें काढून टाकण्यांत आला. त्याच्या जागीं कमी जागा व्यापणारी, अधिक मोकळी आणि उजेडाची रचना आली. मग २०२१ मध्यें खोल्या बदलल्या. आतां त्यांत समुद्राचे निळे-हिरवे रंग आहेत, आणि सजावटींतील आकृति ‘मोआना’ ह्या २०१६ च्या डिस्ने-चित्रपटावरून घेतल्या आहेत. खोली उजळ आहे, सुटसुटीत आहे, सामान ठेवण्यास जागा अधिक आहे. तरीही जुने पाहुणे म्हणतात कीं कांहींतरी गेलें. काय गेलें असें विचारलें तर नीट सांगतां येत नाहीं. ते पुन्हां बांबूकडे, पानाफुलांकडे आणि धबधब्याकडे बोट दाखवितात.

पलंगांविषयीं तत्त्वज्ञानांतील सर्वांत प्रसिद्ध विवेचन प्लेटोचें आहे. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागांत तो तीन पलंग कल्पितो: एक ईश्वरानें निर्मिलेला पलंगाचा आदर्श, दुसरा सुतारानें केलेला पलंग, आणि तिसरा चित्रकारानें रंगविलेला. चित्रकार सत्यापासून सर्वांत लांब, म्हणून त्यास आदर्श राज्यांत मान नाहीं. प्लेटोच्या ह्या जिन्यावर आमच्या हॉटेलांतील पलंग कोणत्या पायरीवर ठेवावा? तो झोपण्यास उपयोगी आहे, म्हणून सुताराचा. पण तो ताहितींतल्या पलंगाचा आव आणतो, म्हणून चित्रकाराचा. आणि २०२१ नंतर तर तो चित्रपटांतील बेटाचा आव आणतो, म्हणजे आणखी एक पायरी खालीं. ह्या हिशेबानें जुनी खोली खोटी आणि नवी त्याहून खोटी, एवढेंच उत्तर निघेल. आमच्या मतें तें उत्तर अपुरें आहे, कारण सत्यापासूनचें अंतर मोजतांना प्लेटो एक गोष्ट मोजत नाहीं: पाहणाराशीं केलेला करार.

आपल्या साहित्यशास्त्रांत ह्या बाबतींत अधिक सूक्ष्म विचार झालेला आहे. श्रीशंकुकानें रंगभूमीवरील रामाविषयीं चित्रांतल्या घोड्याचा दृष्टान्त दिला. चित्रांतला घोडा पाहतांना ‘हा घोडाच आहे’ असें खरें ज्ञान आपणांस होत नाहीं. ‘हा घोडा नव्हे’ असेंही होत नाहीं. ‘घोडा असेल कीं नसेल’ असा संशय पडत नाहीं. ‘हा घोड्यासारखा आहे’ एवढ्यावरही आपण थांबत नाहीं. ह्या चारींहून निराळी अशी ती प्रतीति आहे. भट्ट तौत आणि अभिनवगुप्त ह्यांनीं पुढें शंकुकाच्या अनुकृतिवादाचें खंडन केलें तें प्रसिद्धच आहे. पण चित्रांतला घोडा त्या खंडनानें मेला नाहीं. आमच्या जुन्या नाटकमंडळ्यांच्या राजवाड्याच्या, रस्त्याच्या आणि जंगलाच्या पडद्यांपुढें ज्यांनीं रात्री जागविल्या त्यांस तो घोडा चांगला ओळखीचा होता. जंगलाचा पडदा हललेला सर्वांस दिसे. त्यानें कोणाचें कांहीं बिघडत नसे. मात्र जंगलाच्या प्रवेशांत चुकून रस्त्याचा पडदा खालीं आला तर पिटांतून शिट्ट्या पडत. प्रेक्षकांस खोटें चालत होतें. बेइमानी चालत नव्हती.

जुन्या खोलीच्या बाजूनें बोलावयाचें तें एवढेंच, आणि तें थोडें नाहीं. रस्किननें ‘स्थापत्याचे सात दीप’ ह्या १८४९ च्या ग्रंथांत, दगडासारखें रंगविलेलें लाकूड, संगमरवरासारखा केलेला गिलावा इत्यादींवर कडक टीका केली आहे. पण तेथेंच तो एक सवलत देतो: इमारतीवरचा सोन्याचा मुलामा हें कपट नव्हे, कारण तें भरीव सोनें आहे असें कोणी समजतच नाहीं, दागिन्यावरचा मुलामा मात्र कपट, कारण तेथें समजूत होते. फ्लॉरिडांत ताहिती आहे अशी समजूत कोणाचीच होत नाहीं. विमानांतून उतरून, मोटारींतून येऊन, नोंदवहींत नांव लिहून मगच मनुष्य त्या बेटावर पाऊल ठेवतो. जुन्या खोलींतला बांबू हा रस्किनचा इमारतीवरील मुलामा होय.

आतां दुसऱ्या एका हॉटेलाकडे वळूं, कारण नव्या सजावटीचें खरें स्वरूप तेथें अधिक स्पष्ट दिसतें. ‘पॉप सेंच्युरी’ हें डिसेंबर २००३ मध्यें उघडलेलें, मध्यम ऐपतीच्या कुटुंबांसाठीं बांधलेलें, २,८८० खोल्यांचें हॉटेल. त्याचें सोंग देशाचें नसून काळाचें आहे: विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील पांच दशकें. इमारतींच्या बाहेर चार-चार मजली खेळणीं उभीं आहेत. पन्नासाच्या दशकासाठीं बोलिंगचे खुंट, साठाच्या दशकासाठीं दोरीवरची यो-यो चकरी, ऐंशीच्या दशकासाठीं रुबिकचा रंगीत घन. आंतल्या जुन्या खोल्या अगदीं साध्या होत्या, तरी रंगीबेरंगी रजया, भडक पडदे आणि गालिचे ह्यांनीं बाहेरचा तो आरडाओरडा थोडासा आंत चालूं ठेवलेला असे. जुनी म्हण आहे कीं सगळ्यांचें सोंग आणतां येतें, पैशाचें आणतां येत नाहीं. कमी दराच्या खोलींत जेवढें परवडलें तेवढेंच सोंग आणलें होतें, आणि तें तेवढ्यापुरतें गोड होतें.

२०१७-१८ मध्यें ह्या खोल्या बदलल्या. गालिचे गेले, लांकडी फळ्यांसारखी जमीन आली. रजया गेल्या, पांढऱ्या चादरी आल्या. दोन पलंगांऐवजीं एक मोठा पलंग, आणि दुसरा भिंतींत मिटणारा: दिवसा त्याचें मेज होतें, रात्रीं तो खालीं ओढतात, आणि खालीं ओढला कीं त्याच्या मागें मिकी उंदराच्या जगांतलें एक चित्र प्रकट होतें. ही युक्ति आम्हांस मनापासून आवडली. चार माणसांच्या कुटुंबास त्या लहानशा खोलींत दिवसा फिरावयास जागा होते, आणि झोपेच्या वेळीं मुलांस चित्र पाहण्याचा आनंद मिळतो. पण एवढें चित्र सोडलें तर खोली कोणत्याही शहरांतील कोणत्याही स्वच्छ हॉटेलाची आहे. बाहेर चार मजली रुबिकचा घन ओरडत असतो, आणि आंत दार लावलें कीं पांढरें मौन.

ह्या बदलाच्या बाजूचीं कारणें हलकीं नाहींत, आणि तीं जो टाळतो त्यानें ह्या वादांत बोलूं नये. गालिच्यांत धूळ, सांडलेलें दूध आणि आधींच्या शंभर कुटुंबांच्या खुणा मुरतात. दम्याच्या मुलास तो गालिचा सोसत नाहीं. रंगीत रजईचा धर्म मळ लपविण्याचा आहे. हॉटेलांतल्या भरजरी पलंगपोसाविषयीं जाणत्या प्रवाशास पूर्वींपासून संशय असे, कीं हा दर पाहुण्यामागें धुतला जातो कीं नाहीं. १९९९ मध्यें वेस्टिन ह्या हॉटेल-मंडळीनें संपूर्ण पांढऱ्या पलंगाची रूढि पाडली, आणि ती जगभर पसरली, ह्याचें एक कारण पांढरा रंग पाहुण्यास पुरावा देतो हें होय. डाग असला तर दिसेल. हा प्रामाणिकपणा खराच आहे, आणि ज्या गृहिणींनीं परक्या गांवीं धर्मशाळेंतल्या गाद्यांवर आपली धुतलेली चादर पसरून मुलांस निजविलें आहे त्यांस त्याची किंमत सांगावयास नको. (त्याबरोबर आलेल्या जाड गाद्यांचे कोपरे दिवसांतून कित्येक वेळां उचलणाऱ्या मोलकरणींच्या पाठींस काय वाटतें, हा प्रश्न छायाचित्रें शेजारीं ठेवून भांडणारे दोन्ही पक्ष विचारीत नाहींत.)

परंतु स्वच्छतेचा प्रामाणिकपणा वेगळा आणि ‘आम्ही सोंग टाकलें’ हा प्रामाणिकपणा वेगळा. नव्या सजावटीचे कैवारी पहिल्याच्या नांवावर दुसरा खपवितात. व्हिएन्नाचा आडोल्फ लोस ह्यानें १९१० च्या सुमारास नक्षी म्हणजे गुन्हा असें प्रतिपादन केलें. तेव्हांपासून सुशिक्षितांच्या मनांत एक समजूत घर करून बसली आहे, कीं जें साधें तें खरें, जें सजलेलें तें खोटें. ही समजूत नव्या खोलींतल्या जमिनीवरच तपासून पाहावी. ती लांकडाची जमीन नाहीं. तें व्हिनाइल नांवाचें कृत्रिम द्रव्य असून त्यावर लांकडाच्या रेषांचें चित्र छापलेलें आहे. तें धुण्यास सोपें आहे, म्हणून वापरावें. त्यास आमची हरकत नाहीं. पण तें बांबूसारखें डोळा मिचकावीत नाहीं. तें गंभीर चेहऱ्यानें म्हणतें, ‘मी लांकूड आहे, येथें नाटक वगैरे कांहीं चाललेलें नाहीं.’ रस्किनचा रोष जर कोठें पडावयाचा असेल तर तो ह्या जमिनीवर पडेल, बांबूवर नव्हे. साधेपणा हेंही एक सोंगच आहे, आणि तें सोंग असल्याचें नाकबूल करणारें सोंग आहे. टोपी शिपायाची आणि राख गोसाव्याची, तो हाच.

येथवर आम्हीं जुन्या खोलीचें वकीलपत्र घेतल्यासारखें झालें. पण त्या खोलीच्या सुसंगत सोंगांत एक पक्ष असा होता कीं ज्यास कोणीं करारांत घेतलेंच नव्हतें: ज्यांचें सोंग आणलें ते लोक. अमेरिकन यजमान आणि अमेरिकन पाहुणा ह्यांच्यांत ‘हें खोटें आहे’ अशी समजूत होती हें खरें. पण ज्यांच्या पूर्वजांच्या देवमूर्ति दारूच्या पेल्यांवर आणि दिव्यांच्या खांबांवर चढल्या, त्यांस त्या समजुतीशीं काय कर्तव्य? आपल्या एखाद्या देवतेचें चित्र परदेशांत पायपोसावर किंवा चपलेवर छापलें गेल्याचें वाचून आपलें रक्त तापतें. तेव्हां ‘आमच्याकडे ही नुसती सजावट समजतात’ ह्या उत्तरानें आपलें समाधान होत नाहीं. दोघांमधल्या प्रामाणिक सोंगाचा भार तिसऱ्याच्या डोक्यावर पडूं शकतो.

आणि गंमत अशी कीं ह्या एका बाबतींत नवी खोली जुनीहून सरस ठरण्याचा संभव आहे. ‘मोआना’ चित्रपट करतांना डिस्नेच्या मंडळींनीं प्रशांत बेटांवरील जाणकारांचें एक सल्लागार मंडळ जमविलें होतें. नायिकेस आवाज दिला तो हवाईच्याच एका मूळ रहिवासी कुळांतील मुलीनें. ताऱ्यांवरून आणि लाटांवरून दिशा ओळखून होडींतून महासागर ओलांडण्याची त्या लोकांची विद्या हा त्या कथेचा कणा आहे, आणि ती विद्या खरी आहे. म्हणजे प्लेटोच्या जिन्यावर जी खोली एक पायरी खालीं, ती दुसऱ्या वाटेनें बेटांच्या अधिक जवळ पोंचली असेल. जुन्या खोलीस बेटांचें कांहीं ठाऊक नव्हतें, पण तिचें सोंग भरपूर होतें; नव्या खोलीस थोडें अधिक ठाऊक आहे, पण तिचें सोंग पातळ आहे, आणि त्यावर चित्रपटाची जाहिरात चिकटलेली आहे. आम्हांस विचाराल तर जुन्याचें भरलेपण आणि नव्याचें ज्ञान एकत्र असावयास हवें होतें. हें अशक्य नव्हे. त्याच नगरांतील, २००१ मध्यें उघडलेल्या, आफ्रिकेचें सोंग घेतलेल्या हॉटेलांत खऱ्या आफ्रिकन कलाकृतींचा मोठा संग्रह मांडलेला आहे, आणि आफ्रिकेंतील देशांतून आलेलीं माणसें तेथें पाहुण्यांशीं आपल्या गांवाविषयीं बोलतात.

राहतां राहिला तो जुन्या पाहुण्याचा शोक. समजा, एक बाई लहानपणीं आपल्या वडिलांबरोबर त्या बेटाच्या खोलींत राहिली. वडील आतां नाहींत. ती आपल्या मुलीस घेऊन तेथें येते, दार उघडते, आणि आंत निळी, उजळ, अनोळखी खोली. तिचें काय नुकसान झालें? कायद्यानें कांहींच नाहीं. तिनें एका रात्रीचें भाडें दिलें, एका रात्रीचा निवारा मिळाला. व्यवहारवादी म्हणेल कीं तिचे वडील खरे होते, आठवण खरी आहे, आणि ती आठवण नकली बांबूवर टांगलेली असणें हाच वेडेपणा. पण आठवणी कशावर टांगाव्या हें कोणी ठरवून ठरवीत नसतो. आपल्या आजोळचा वाडा पाडला जातो तेव्हां तुळया सागाच्या होत्या म्हणून आपण रडत नाहीं. खुंटी खरी कीं खोटी ह्यावर टांगलेल्या अंगरख्याचें खरेपण अवलंबून नाहीं.

शिवाय येथें यजमान निर्दोष नाहीं. रस्त्यावरच्या साध्या हॉटेलवाल्यानें आपल्या भिंती वाटेल तशा रंगवाव्या. त्यानें कोणास परत येण्याची आण घातलेली नसते. ह्या मंडळींचा धंदाच परत येण्याचा आहे. १९९१ पासून त्यांनीं दीर्घ मुदतीच्या करारांनीं पाहुण्यांस दरवर्षींच्या वास्तव्याचे हक्क विकले. पॉलिनेशियन हॉटेलांतील अशा हक्कांची मुदत २०६६ पर्यंत आहे. बाप आपल्या मुलाच्या म्हातारपणापर्यंतच्या सुट्या विकत घेतो, तेव्हां तो चादरी आणि गाद्या विकत घेत नसतो. त्याच हॉटेलाच्या आवारांत डिसेंबर २०२४ मध्यें ह्याच हक्कांसाठीं नवा उंच मनोरा उघडला, आणि हा बेटावर कोठून आला असें जुन्यांपैकीं कित्येकांनीं विचारलें. ज्यानें आठवणीची किंमत घेतली त्यानें आठवणीची कदर ठेवावी, ही अपेक्षा भाबडी नाहीं. ती कराराच्या कागदावर लिहिलेली नाहीं, एवढेंच.

म्हणून कांहीं बदलूंच नये असें मात्र नव्हे. जपानांतील इसे येथील देवालय दर वीस वर्षांनीं संपूर्ण नवें बांधतात. शेवटचें २०१३ मध्यें बांधलें. लांकूड नवें, छप्पर नवें, आणि देवालय तेंच, कारण सुतारांच्या एका पिढीनें दुसरीस जोड कसा बसवावयाचा हें हातानें शिकविलेलें असतें. तेथें नवें करणें हीच जुन्याशीं इमान राखण्याची रीति आहे. फ्लॉरिडांत गालिचे, गाद्या, पडदे सर्व टाकून द्या, दम्याच्या मुलासाठीं टाकलेच पाहिजेत. पण नवी खोली करावयास बसतांना मेजाभोंवतीं असा एक तरी मनुष्य असावा कीं ज्यास जुन्या खोलींत काय सांगितलें जात होतें हें ठाऊक आहे.

१९७१ च्या दुसऱ्या हॉटेलाचें नांव कंटेंपररी, म्हणजे ‘अद्ययावत’. ह्या नांवाची शिक्षा त्यास पुढें भोगावी लागली. त्याचें सोंग भविष्यकाळाचें होतें. खोल्या पोलादी चौकटींत वेगळ्या तयार करून मग यारीनें उचलून इमारतींत बसविल्या, आणि इमारतीच्या पोटांतून एकरुळी गाडी धांवे, अजूनही धांवते. परंतु भविष्यकाळाचें सोंग सर्वांत लवकर विटतें. पन्नास वर्षांत त्या खोल्या अनेकदां बदलल्या, आणि २०२१ पासून तेथें २००४ च्या ‘इन्क्रेडिबल्स’ चित्रपटाची सजावट आहे. तो चित्रपट १९६० च्या सुमारास लोकांनीं कल्पिलेल्या भविष्याची आठवण काढतो. भविष्याचें घर असें भूतकाळांत राहावयास गेलें. त्या सर्व उलथापालथींत एक वस्तु मात्र जागची हललेली नाहीं. मधल्या दालनांत मेरी ब्लेअर ह्या चित्रकर्तीनें रचलेलें, रंगविलेल्या फरश्यांचें, नव्वद फूट उंचीचें भित्तिचित्र आहे. त्यांत मुलें आहेत, पक्षी आहेत, आणि एका ठिकाणीं एक बकरी आहे, तिला पांच पाय आहेत. ती मुद्दामच तशी काढलेली आहे. कां, ह्याचीं कारणें निरनिराळीं सांगतात. खोली कोणतीही मिळाली तरी आईबाप मुलांस त्या चित्राखालीं उभें करतात आणि मोजावयास सांगतात.